नवरा मुंबईला, बायको गावी: कोकणातल्या जुन्या पोटगीच्या खटल्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १९३० ते १९७० या काळातले पोटगीचे, दुसऱ्या लग्नाचे आणि वाळीत टाकण्याचे खटले कोर्टात कधीच संपले. सातबाऱ्यावर, वाटणीपत्रात आणि भाऊबंदांच्या बोलण्यात मात्र ते अजून चालू आहेत. कुणाला आजीच्या ट्रंकेत हुकूमनाम्याची नक्कल सापडते. कुणाच्या घरी त्याच नकलेवरून आज आमराईचा वाद पेटलेला असतो. ही उत्तरं दोघांसाठी आहेत. ती कायद्याचा इतिहास म्हणून वाचावीत. चालू दाव्यात मूळ कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नये.

त्या काळी पोटगी मागायला बाई जायची कुठे?

दोन वाटा होत्या. पहिली फौजदारी, म्हणजे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४८८. ऐपत असून जो बायकोला किंवा मुलाला पोसत नाही, त्याच्यावर मॅजिस्ट्रेटने दरमहा रक्कम बांधून द्यायची. धर्म कुठला हे कलम विचारत नसे. अनौरस मुलालाही त्यात हक्क होता. सरकारचा हेतू काही फार उदात्त नव्हता. टाकलेली बाई आणि पोरं उपाशी रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच. पण काम लवकर व्हायचं आणि खर्च कमी यायचा, म्हणून गरीब घरच्या बायकांना हीच वाट परवडे.

दुसरी वाट दिवाणी. तिथे नवऱ्याच्या मिळकतीच्या मानाने पोटगी मागता येई, राहायला जागा मागता येई आणि जमिनीवर बोजाही चढवता येई. स्टॅम्पचे पैसे नसतील तर नादार म्हणून दावा लावायची सोय होती, पण त्यासाठी घरातल्या किडूकमिडूकाची यादी देऊन आपण खरंच नादार आहोत हे आधी पटवावं लागे. नादारीची चौकशी संपेपर्यंत मूळ दाव्याला हात लागत नसे.

आणखी एक गोष्ट जुने कागद वाचताना लक्षात ठेवा. मुंबई राज्यात न्यायखातं आणि महसूलखातं वेगळं करण्याचा कायदा १९५१ साली झाला. त्याआधी जिल्ह्यातले प्रांतसाहेबच मॅजिस्ट्रेट म्हणून बसत. शेतसाऱ्याची तक्रार ज्यांच्यापुढे, त्यांच्याचपुढे नवऱ्याचीही. म्हणून पोटगीच्या हुकमाखाली महसूल अधिकाऱ्याची सही दिसली तर कागद बनावट आहे असं समजू नका.

हुकूमनाम्यात महिना बारा-पंधरा रुपयेच दिसतात. एवढेच मिळायचे?

कलम ४८८ ला कमाल मर्यादा होती. १८९८ च्या कायद्यात महिना ५० रुपये, १९२३ च्या दुरुस्तीनंतर १००, १९५५ च्या दुरुस्तीनंतर ५००. हे झालं वरचं टोक. प्रत्यक्ष रक्कम नवऱ्याची कमाई पाहून ठरे. गिरणीतला पगार, खाणावळीचा खर्च, गावी म्हातारे आईबाप असं सगळं वजा जाता जाता हाती थोडंच उरे.

खरी गंमत पुढची. १९७३ च्या नव्या संहितेत कलम ४८८ च्या जागी कलम १२५ आलं, पण ५०० चा आकडा तसाच राहिला, तो थेट २००१ पर्यंत. १९५५ साली गिरणी कामगाराच्या महिन्याच्या पगाराहून कितीतरी मोठी असलेली रक्कम नव्वदच्या दशकात किराणालाही पुरत नव्हती. मर्यादा घालणाऱ्यांना महागाई नावाची गोष्ट माहीत नसावी.

आणि एक बारकावा आजही चुकवला जातो. ‘स्वतःचा निर्वाह करायला असमर्थ’ ही अट जुन्या कलमाच्या शब्दांत मुलाच्या बाबतीत होती, बायकोच्या बाबतीत नव्हती. बायकोला ती १९७३ च्या संहितेने लावली. नवा कायदा जुन्यापेक्षा सगळ्याच बाबतीत उदार असतो असं नाही.

नवरा मुंबईला गिरणीत, बायको गुहागरच्या वाडीत. दावा कुठे लावायचा?

कोकणापुरता विचार केला तर पोटगीचा खरा प्रश्न हाच होता. बायकोला हक्क आहे यावर वाद फारसा नव्हताच. भांडण अंतराचं होतं.

कलम ४८८ च्या आठव्या पोटकलमाप्रमाणे अर्ज तीन ठिकाणी करता येई: नवरा जिथे राहतो तिथे, तो जिथे असेल तिथे, किंवा बायकोबरोबर तो शेवटचा जिथे राहिला तिथे. बायको आज जिथे राहते ती जागा या यादीत नव्हतीच. सासरी नांदलेली बाई मार खाऊन माहेरी आली, सासर अलिबागला आणि माहेर राजापूरला, तरी राजापूरच्या कोर्टाला अधिकार नाही. नवऱ्याने तिला वर्षभर लालबागच्या खोलीत ठेवून मग गावी धाडलं असेल, तर शेवटचा सहवास मुंबईतला, म्हणून दावाही मुंबईत. आगबोटीचं भाडं, उतरायला कुणा नातेवाइकाची खोली, तारखेमागून तारीख, आणि प्रत्येक तारखेला सोबत यायला एक पुरुष माणूस. कितीतरी बायकांचा हक्क या हिशेबातच बुडाला.

नवऱ्यांचे वकील हे ओळखून होते. पहिला आक्षेप बहुधा तोच: या कोर्टाला अधिकार नाही, माझं अशील मुंबईचं रहिवासी आहे.

या आक्षेपाची धार सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली जगीर कौर विरुद्ध जसवंत सिंग या खटल्यात कमी केली. खटला पंजाबातला, नवरा आफ्रिकेत नोकरीला. कोर्टाने सांगितलं की राहण्यासाठी कायमचं घर लागत नाही, काही काळ ठरवून केलेला मुक्कामही पुरे. आणि कलमातल्या ‘असेल तिथे’ या शब्दांना तर एवढंही लागत नाही. अर्जाच्या वेळी माणूस त्या जिल्ह्यात हजर असला की झालं, किती दिवसांसाठी आला हा प्रश्न नाही.

कोकणच्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो. आरत्या चालू आहेत तोवर तो जिल्ह्यात ‘आहे’, आणि तेवढ्यात रत्नागिरीच्या कोर्टात अर्ज टाकता येतो. पंजाबातला निकाल आमच्या गणपतीला असा उपयोगी पडावा, हे निकाल लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

१ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता अमलात आली आणि बायको जिथे राहते तिथेही अर्ज करता येऊ लागला. माझ्या मते कोकणातल्या बायकांना पाचशेच्या आकड्यापेक्षा या एका बदलाने जास्त दिलं.

नवरा कोर्टात म्हणाला, ‘नांदायला येऊ दे, मी पोसतो.’ मग दावा पडायचा का?

आपोआप नाही. नवऱ्याने अशी तयारी दाखवली आणि बायकोने नकार दिला, तर नकाराचं कारण योग्य आहे का हे मॅजिस्ट्रेटने बघायचं. कारण पटलं तर पोटगी मिळे. सगळी मेख या ‘योग्य’त होती. मारहाण सिद्ध झाली तर ठीक. सासूचा जाच, अबोला, उपाशी ठेवणं याला साक्षीदार कोण? शेजारणीला त्याच वाडीत राहायचं असतं.

१९४९ साली कलमात एक वाक्य वाढवलं गेलं: नवऱ्याने दुसरं लग्न केलं असेल किंवा बाई ठेवली असेल, तर बायकोचा एकत्र राहायला नकार हा योग्य कारणानेच आहे असं धरायचं. त्याआधी सवत घरात असतानाही ‘ये की, दोघी राहा’ असं म्हणून नवरा मोकळा होऊ पाही. हे एक वाक्य वाढल्यावर ती सबब संपली.

दुसरं हत्यार म्हणजे नांदायला येण्याचा दिवाणी दावा. बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याने हा दावा लावायचा, हा डाव जुना आहे. याच दाव्यावरून १८८० च्या दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. नांदायला न गेल्याबद्दल बायकोला कैदेत टाकण्याची तरतूद १९२३ साली गेली. त्यानंतर मिळकतीची जप्ती तेवढी उरली. पोटगी मागणाऱ्या बाईची कसली मिळकत जप्त करणार? तरी हुकूमनाम्याचा उपयोग नवऱ्याला व्हायचा, कारण तो दाखवून तो पोटगी थांबवायला पाही. पत्नीने योग्य कारणाशिवाय सहवास नाकारला तर पोटगी नाही, असं कलमातच होतं.

नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार थाटला. त्याला शिक्षा व्हायची ना?

मुंबई प्रांताने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकलं. हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा मुंबईचा कायदा १९४६ चा, आणि घटस्फोटाचा कायदा १९४७ चा. सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १८ मे १९५५ ला. त्याने हे दोन्ही प्रांतिक कायदे रद्द करून त्यांचा आशय आपल्यात घेतला.

१९४६ च्या कायद्याला संविधान आल्यावर आव्हान मिळालं. फक्त हिंदूंनाच बंदी का, हा भेदभाव नाही का? मुंबई सरकार विरुद्ध नरसू आप्पा माळी या खटल्यात १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करायला राज्याला मोकळीक आहे, हे त्यातलं एक कारण. पण त्याच निकालात त्यांनी असंही म्हटलं की धर्मानुसार चालणारे कौटुंबिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला थेट लावता येत नाहीत. पहिल्या वाक्याने बायकांचा फायदा झाला. दुसऱ्याने पुढच्या अनेक दशकांचा वाद उभा राहिला, आणि तो मिटला आहे असं मी म्हणणार नाही.

आता शिक्षेचं. कायदा होता, पण पुरावा गळून पडे. १९६५ सालचा भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल मराठी घरांनी वाचायलाच हवा. पहिली बायको हयात असताना १९६२ च्या फेब्रुवारीत दुसरं लग्न. बचाव असा की ते गांधर्व पद्धतीचं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लग्न ‘विधिपूर्वक’ झाल्याचं सिद्ध झालं पाहिजे. होमासमोरची सप्तपदी झाली, किंवा ती त्या जातीत लागत नाही अशी रूढी आहे, यापैकी काहीच सिद्ध झालं नाही. आरोपी सुटला.

म्हणजे हिशेब बघा. चोरून केलेलं लग्न, तेही दादर-परळच्या एखाद्या खोलीत, आणि विधी पूर्ण झाले याचा साक्षीदार आणायचा गुहागरच्या बाईने. जितकं अर्धवट लग्न, तितका नवरा सुरक्षित. पोटगीच्या कोर्टात मात्र तिला एवढं सिद्ध करायची गरज नव्हती, कारण १९४९ च्या वाक्यात ‘बाई ठेवली असेल तरी’ असं होतं. म्हणून जाणते वकील शिक्षेच्या मागे न लागता पोटगीच्या मागे लागत. जुन्या कागदांत फौजदारी फिर्याद न दिसता नुसता पोटगीचा अर्ज दिसला, तर तो शहाणपणा समजा.

मग दुसऱ्या बायकोचं काय?

लग्न कधीचं, त्यावर. बंदीच्या आधीचं लग्न वैध होतं आणि तिचाही पोटगीचा हक्क पूर्ण. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ प्रमाणे नवऱ्याची दुसरी कुठलीही बायको हयात असेल, तर बायकोला वेगळं राहून पोटगी मागता येते. ही मुभा थोरलीला तशीच धाकटीलाही. त्याआधीच्या १९४६ च्या केंद्रीय कायद्यात ‘पुन्हा लग्न केलं तर’ असे शब्द होते. कायदा येण्यापूर्वी झालेलं दुसरं लग्न त्यात बसतं का यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले. १९५६ च्या शब्दांनी तो वाद संपवला.

बंदीनंतरचं लग्न कायद्याने शून्य. अशा बाईला बायको म्हणून पोटगी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली यमुनाबाई आढाव यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. मुलांना मात्र मिळते. विचित्र गोष्ट अशी की जुन्या हिंदू कायद्यात उघडपणे, एकनिष्ठेने, मरेपर्यंत सोबत राहिलेल्या ‘अवरुद्ध स्त्री’ला मृताच्या मिळकतीतून निर्वाह मागता येत होता. १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, मुंबईच्याच एका खटल्यात तो हक्क मान्य केला होता. १९५६ च्या कायद्याच्या यादीत तिला जागा उरली नाही. सुधारणेत कुणीतरी दाराबाहेर राहतं, ते असं.

आमच्याकडे काडीमोड गावकीपुढे व्हायची. ती कोर्टात चालायची का?

चालायची, पण गावकीने म्हटलं म्हणून नव्हे. ज्या जातींत सोडचिठ्ठी आणि पाट लावण्याची, म्हणजे बाईच्या पुनर्विवाहाची, रूढी होती, त्यांची ती रूढी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ नेही राखून ठेवली. मात्र रूढी आहे असं जो म्हणतो, त्यानेच ती सिद्ध करायची. आणि नवऱ्याच्या किंवा बायकोच्या संमतीशिवाय जातीच्या पंचांनी लग्न मोडल्याचं जाहीर केलं तर ते कोर्ट मानत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ सालीच शंभू रघू खटल्यात ठरवलं होतं.

याचा पोटगीशी संबंध असा की नवरा ‘काडीमोड झाली आहे’ म्हणून हात झटकायचा. कागद मागितला की तोंडी झाली म्हणायचा. मग कुठल्या वर्षी, कुणाच्या घरी, पंच कोण, काय देणंघेणं ठरलं, हे प्रश्न येत आणि तिथे बरेच बचाव कोसळत.

बाई कोर्टात गेली म्हणून गावाने घराला वाळीत टाकलं. त्यावर काही इलाज होता?

कोकणात हा प्रश्न आजही विचारला जातो, जुन्या काळाबद्दलच नव्हे. वाळीत टाकणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागतं. गावच्या देवळात मान नाही, पालखी दारात येत नाही, लग्नाला कुणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. रायगड-रत्नागिरीत गावकीचं हे हत्यार कोर्टाच्या समन्सपेक्षा जास्त धाकाचं होतं. बाईच्या बाजूने साक्ष द्यायला माणूस का मिळत नसे, याचं उत्तर इथेच आहे.

मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर तो घटनाबाह्य ठरवला, कारण धर्माच्या कारणाने समाजाबाहेर काढण्याचा पंथाचा अधिकार त्याने हिरावला जात होता. खटला बोहरा समाजाचा, पण त्यात कायदाच गेल्याने कोकणातल्या वाळीत पडलेल्या कुणबी, मराठा, आगरी घरांच्या हातातलंही ते साधन गेलं. पोकळी भरायला महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा यावा लागला. तो २०१६ चा, अमलात आला २०१७ ला. मधली पन्नासहून अधिक वर्षं लोकांनी मिळेल त्या कलमाखाली, म्हणजे बदनामी, धमकी, अडवणूक अशा तक्रारी करून दिवस काढले.

पोटगी आणि नागरी हक्क (वाळीत टाकणं, अस्पृश्यता) हे दोन विषय एकत्र का?

कारण दोन्हीकडे समोरच्याचा बचाव एकच होता: आमच्यात पहिल्यापासून असंच चालतं.

महाडचं चवदार तळं घ्या. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी तळ्याचं पाणी घेतलं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात त्यांच्याविरुद्ध दावा लागला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. वादींचं म्हणणं, तळ्यावर अस्पृश्यांनी येऊ नये ही अनादी काळापासूनची रूढी आहे. महाडला दावा आंबेडकरांच्या बाजूने सुटला तो १९३१ साली. अपिलं होत होत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १७ मार्च १९३७ ला शेवटचा निकाल लागला: रूढी अनादी आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं.

त्या निकालात समतेवरचं मोठं भाषण नाही. पुराव्याचा बोजा कुणावर, एवढीच चर्चा. तरीही, किंवा त्यामुळेच, तो वकिलांना उपयोगी आहे. रूढी सांगणाऱ्याने रूढी सिद्ध करावी हे तत्त्व तळ्याला लागतं, काडीमोडीला लागतं, दुसऱ्या लग्नाच्या विधीला लागतं. लोखंडे खटल्यात त्याच तत्त्वाचा तडाखा बाईला बसला, हेही खरं. अस्पृश्यतेविरुद्धचा केंद्रीय कायदा १९५५ ला आला आणि १९७६ साली त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. बायकांच्या वारसाचे आणि लग्नाचे हक्क एकत्र मांडणारं हिंदू कोड बिल रखडलं, हे आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडताना दिलेल्या कारणांपैकी ठळक कारण होतं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. मागे राहिलेल्या बायकांची घरं त्या तालुक्यातही होतीच.

मुसलमान आणि ख्रिस्ती घरांना काय लागू होतं?

कलम ४८८ सगळ्यांना. १९५६ चा हिंदूंचा कायदा आल्यावर हिंदूंसाठी ते संपलं का, असाही प्रश्न निघाला होता. नाही, दोन्ही वाटा खुल्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली नानकचंद खटल्यात सांगितलं.

मुरूड, श्रीवर्धन, दापोलीकडच्या कोकणी मुसलमान घरांतले पुरुष बोटीवर जात, आफ्रिकेत जात, पुढे आखातात. त्या बायकांना १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा जास्त कामाचा होता. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नाही किंवा दोन वर्षं त्याने पोसलं नाही, तर बायकोला कोर्टातून विवाह रद्द करून घेता येई. ४८८ चा हुकूम मात्र तलाक आणि इद्दतीनंतर (तलाकनंतर बाईने थांबायची ठरलेली मुदत) थांबे. घटस्फोटित बाईला पोटगीच्या कलमात जागा मिळाली ती १९७४ पासून. ख्रिस्ती घरांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होता. त्यात खटला चालू असतानाची पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशापुढे जात नसे.

गोव्यात वेगळं होतं असं ऐकतो.

फार वेगळं. तेरेखोल खाडीच्या पलीकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता होती, आणि १९६१ नंतरही ती चालू ठेवली गेली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, अर्धी-अर्धी. बायकोच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. १९१० पासून घटस्फोटही होता. हिंदूंच्या चालीरीतींसाठी १८८० चा वेगळा हुकूम होता आणि त्यात दुसऱ्या लग्नाला काही अपवाद होते, ते विसरून गोव्याचं नुसतं कौतुक करू नये. पण पलीकडे पेडण्यातली बाई निम्म्याची मालकीण म्हणून बोले आणि अलीकडे बांद्यातली बाई पोटापुरतं मागे, हा फरक लहान नाही.

हुकूम तर झाला. पैसे यायचे का?

कधी मनीऑर्डरने, कधी नाहीच. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी नवऱ्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शके. पण थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागे. वाट बघत बसलेल्या बाईचे मागचे पैसे त्या वाटेने बुडत. नवरा मुद्दाम टाळत असेल तर एकतर्फी हुकूम निघे, आणि तीन महिन्यांत येऊन तो फिरवून घ्यायची संधी नवऱ्याला असे.

दिवाणी हुकूमनाम्याची ताकद वेगळी. त्यात जमिनीवर बोजा ठेवला असेल, तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याची नोंद होई. माणूस मुंबईला पळून गेला तरी आमराई कुठे पळणार?

पणजीला पोटगीदाखल आंब्याची कलमं ‘तहहयात’ दिली होती. आता चुलते म्हणतात, ती आमची. खरं काय?

सर्वाधिक भांडणं याच प्रश्नावर आहेत, म्हणून सावकाश वाचा.

१९३७ पूर्वी एकत्र कुटुंबातल्या विधवेला वाटा नव्हता, पोटगी होती. रोख देण्यापेक्षा घरचे तिला एखादी बाग, काही माड, एक खोली तोडून देत. कागदात लिहीत की तिने हयातीत उत्पन्न खावं, विकू नये, गहाण टाकू नये, तिच्यामागे मिळकत परत कुटुंबाकडे. १९३७ च्या कायद्याने विधवेला मुलाएवढा हिस्सा दिला, पण तोही मर्यादित हक्काचा.

१७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्याच्या कलम १४ ने सांगितलं, हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची, मग ती पोटगीबद्दल मिळालेली का असेना. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात अपवाद आहे: बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा हुकूमनाम्यानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच. मग ‘तहहयात’ लिहिलेला कागद कुठे बसवायचा?

यावर वीस वर्षं घोळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुळसम्मा विरुद्ध शेषा रेड्डी या खटल्यात तो सोडवला. आंध्रातली बाई, नवरा १९३१ ला वारलेला, १९४४ ला तिने दिराविरुद्ध पोटगी मागितलेली, १९४९ च्या तडजोडीत तहहयात जमीन मिळालेली. नंतर तिने त्यातली काही विकली आणि दीर कोर्टात गेला. कोर्टाने म्हटलं, विधवेचा पोटगीचा हक्क आधीपासूनचाच आहे. त्या हक्काबद्दल जमीन दिली असेल तर कागदातल्या अटी गळून पडतात आणि ती पूर्ण मालकीण होते. पूर्वी काहीच हक्क नसताना नव्याने काही दिलं असेल, तरच अपवाद लागू.

तेव्हा तुमच्या कागदात तीन गोष्टी शोधा. जमीन पोटगीबद्दल दिली असं म्हटलंय का? १७ जून १९५६ ला पणजी हयात होती का? आणि त्या दिवशी जमीन तिच्या ताब्यात होती का, की आधीच तिच्याकडून काढून घेतली होती? ती १९५६ च्या आधी वारली असेल तर चुलत्यांचं म्हणणं बहुधा खरं.

आता ती पूर्ण मालकीण होती असं धरू. तरी पुढे एक वळण आहे. तिला मूलबाळ नसेल आणि तिने काही लिहून ठेवलं नसेल, तर कलम १५ प्रमाणे मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे फिरून त्याच भाऊबंदांकडे. तिने भाचीच्या नावाने मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र केलं असेल, तर मात्र ते टिकतं. वाद तापतो तो अशा भाचीमुळेच.

कुळाची जमीन असेल तर आणखी एक गाठ. कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं, पण जमीनमालक विधवा असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क लांबणीवर पडतो. अशा जमिनीत ‘विधवा’ ही फेरफारातली एक नोंद सगळा निकाल फिरवू शकते.

जुने कागद मिळवायचे कुठून?

आधी तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने सातबारे आणि फेरफार काढा. हुकूमनाम्याचा नंबर आणि साल बहुधा फेरफारातच मिळतं. मग जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज. साक्षी-जबान्या ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, निकालपत्र आणि हुकूमनामा त्यांच्यापेक्षा जास्त टिकतो. फौजदारी पोटगीच्या फायली सापडण्याची आशा कमी.

जिल्हा कुठला हे नीट बघा. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, त्याआधीचं सगळं रत्नागिरी. रायगडचं नाव तेव्हा कुलाबा. सावंतवाडी आणि जंजिरा ही १९४८ पर्यंत संस्थानं होती, त्यांची कोर्टं वेगळी, आणि इंग्रजी मुलखातले कायदे तिथे आपोआप लागू नव्हते. म्हणून कुडाळ, म्हसळा, श्रीवर्धन इथला १९४६-४७ चा कागद असेल तर मुंबईचा द्विभार्या बंदीचा कायदा त्याला लावण्याआधी थांबा. कागद मोडीत असेल तर लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या. घरातल्या म्हाताऱ्यांनी ‘असं लिहिलंय’ म्हणून सांगितलेलं प्रतिज्ञापत्रात घालू नका, आणि मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, चुलत्यांच्या तर नाहीच.